महानंदाचा अंतरा

"ते करकर काय वाजतंय?" पागे बाईंनी पेटीवरची बोटं न उचलता विचारलं.

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी दारातच थांबले होते.

"माझा पाय, बाई," मी म्हणाले.

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. "सुरात नाही वाजत," त्या म्हणाल्या. "उद्या तेल घालून ये. आता बस तिथं."

समूहगानाच्या वर्गातला हा माझा पहिला दिवस. बार्शीच्या कन्याशाळेत मी नववीत होते. लहानपणी पोलिओ होऊन डावा पाय लुळा पडला होता. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर असायचं, त्याला चामड्याचे पट्टे आणि बकलं. कवायतीच्या तासाला मला मैदानाच्या कडेला मुलींच्या चपला राखत बसवायचे. गाण्याच्या खोलीच्या खिडकीतून बाईंनी ते बरेच दिवस पाहिलं असावं. एक दिवस त्या मुख्याध्यापिकांकडे गेल्या आणि मला मागून घेऊन आल्या.

माझ्या आधी त्यांनी आणखी दोघींना असंच मागून घेतलं होतं. जुबेदाला फळ्यावरचं दिसत नसे. तिला बाई सगळी गाणी तोंडी पाठ करून देत. सिंधू बोलताना शब्दाशब्दाला अडायची, पण गाताना एकदाही अडली नाही. शिक्षकांच्या खोलीत आमच्या वर्गाला काय नाव पडलं होतं ते आम्हाला ठाऊक होतं. बाईंनाही असणार. त्या कधी त्याबद्दल बोलल्या नाहीत, आणि आमच्याकडून सराव मात्र बाकीच्यांइतकाच करून घेत राहिल्या.

महानंदा स्वामी आमच्यातली नव्हती. तिचं सगळं धड होतं. उंच, सरळ, पाठीवर लांब वेणी, आणि असा गळा की मधल्या सुट्टीत दुसऱ्या वर्गातल्या मुली आमच्या खिडकीशी येऊन उभ्या राहत. तिची आई लवकर गेली होती. वडील, शिवलिंगअप्पा, एसटीत ड्रायव्हर होते. दर सोमवारी मठात ते तिला गायला बसवायचे आणि स्वतः खांबाला टेकून डोळे मिटून ऐकायचे. आदल्या वर्षी तिला छातीचा आजार झाला होता. कितीतरी महिने इंजेक्शनं चालली होती. तिचं वर्ष बुडालं, म्हणून ती आमच्या वर्गात आली. आजारातून उठली ती थोडी बदलूनच उठली, असं तिच्या जुन्या मैत्रिणी म्हणायच्या. मागून हाक मारली तर वळायची नाही. घोळक्यात गप्पा चालल्या की बाजूला सरकायची.

"लई चढलीय," मुली म्हणायच्या. मलाही तसंच वाटायचं.

दिवाळीनंतर शाळा उघडली आणि बाईंनी जिल्ह्याच्या समूहगान स्पर्धेची तयारी सुरू केली. स्पर्धा सोलापूरला, फेब्रुवारीत. गाणं बाईंनी स्वतःच रचलं होतं, सुगीच्या दिवसांतल्या पहाटेचं. ध्रुवपद सगळ्यांनी म्हणायचं, मधला अंतरा महानंदानं एकटीनं, आणि तो संपला की सगळ्यांनी पुन्हा ध्रुवपद उचलायचं.

मुख्याध्यापिका एकदा सराव बघायला आल्या. बघून झाल्यावर हलक्या आवाजात, पण मला ऐकू जाईल असं बोलल्या. "वत्सलाला कशाला नेता? तिला तेवढा वेळ उभं राहवणार नाही. बसली तर ते कसं दिसेल स्टेजवर?"

"उभी राहील," बाई म्हणाल्या. "महानंदाच्या शेजारी. तिच्या खांद्यावर हात ठेवून."

त्या दिवसापासून माझी जागा तीच झाली. पहिल्या रांगेत, मधोमध. माझा उजवा हात महानंदाच्या डाव्या खांद्यावर. एवढ्या मोठ्या गळ्याच्या मुलीला माझी काठी केल्यासारखं मला वाटायचं. लाजेनं मी जेवढं जमेल तेवढं वजन माझ्याच पायावर घ्यायचे. घरी गेल्यावर तो पाय रात्रभर ठणकायचा.

मला एक खोड होती. गाणं सुरू झालं की माझी बोटं वाजायची. बाकावर, दप्तरावर, कशावरही. एकदा सरावात ध्रुवपद चालू असताना लक्षात आलं की ती महानंदाच्या खांद्यावर वाजताहेत. मी दचकून हात उचलला. त्याच क्षणी महानंदाचा सूर लटपटला आणि ती गाता गाता थांबली.

"काय झालं?" बाईंनी मला विचारलं.

"माझी बोटं वाजत होती. चुकून."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वाजू देत. हात उचलायचा नाही."

महानंदानं मान वळवून माझा हात धरला आणि परत आपल्या खांद्यावर ठेवला. मला ते विचित्र वाटलं. पण गाणं सुरू झालं आणि मी विसरून गेले.

जानेवारीच्या शेवटी मांडीला पट्ट्याखाली फोड आला आणि मी शाळा बुडवली. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी महानंदा आमच्या घरी आली. याआधी ती कधी आली नव्हती.

आई चुलीपाशी होती. पाठमोरीच म्हणाली, "ये गं. चहा टाकू का?"

"पायीच आले," महानंदा म्हणाली.

आई वळून माझ्याकडे बघायला लागली. महानंदा माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"तू उद्या ये," ती म्हणाली.

मी मान खाली घालून फोडावर मलम लावत होते. चिडलेच होते थोडी. "मला उभं राहवत नाही. तुला काय कळणार? तुझं सगळं जागच्या जागी आहे."

ती वाकून माझं तोंड बघायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "माझ्याकडे बघून बोल ना."

मी वर पाहिलं, पण बोललेलं पुन्हा बोलायचा मला धीर झाला नाही. "काही नाही," म्हणाले. "पाय दुखतो."

"तू नसलीस की मला गाता येत नाही, वत्सा."

मला वाटलं, बाईंनी पढवून पाठवलंय. माझं मन राखायला. तरी तेवढं एक वाक्य ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी फोडावर कापूस बांधून मी सरावाला गेले.

सोलापूरच्या त्या हॉलमध्ये दुपारी आमचा नंबर लागला. हॉल गच्च भरला होता. छताला लांब दांड्यांचे पंखे, पुढच्या खुर्च्यांवर परीक्षक, मागे निरनिराळ्या शाळांच्या मुली आणि पालक. पडद्याच्या फटीतून मी पाहिलं तर दाराशी शिवलिंगअप्पा उभे होते. सोलापूरची फेरी घेऊन आले होते, खाकी कपड्यांतच. टोपी हातात.

पडदा उघडला. बाईंनी पेटीवर सूर दिला आणि आम्ही ध्रुवपद उचललं. इतकं चांगलं आम्ही सरावातही कधी गायलो नव्हतो. शेजारी जुबेदाचा आवाज, मागे सिंधूचा, आणि पायाखाली फळ्या हलताहेत असं वाटत होतं. ध्रुवपद दुसऱ्यांदा झालं. महानंदानं डोळे मिटले आणि अंतरा घेतला.

तिची पहिली ओळ पुरी व्हायच्या आत माझ्या गुडघ्याजवळचा पट्टा तुटला.

कॅलिपर मुडपलं आणि मी सरळ खाली आले. लोखंड फळ्यांवर आपटल्याचा एवढा मोठा आवाज झाला की पुढच्या रांगेतले परीक्षक अर्धे उठले. तबल्यावरची मुलगी थांबली. बाईंची पेटी थांबली. मुली तोंडावर हात घेऊन माझ्याकडे बघत होत्या. हॉलमध्ये कुणी खोकत सुद्धा नव्हतं.

महानंदा गातच राहिली.

मी तिच्या पायांशी पडले होते आणि खालून तिच्याकडे बघत होते. तिचे डोळे मिटलेले होते. चेहऱ्यावर भीती नव्हती, घाई नव्हती. पेटी नाही, तबला नाही, कुणाची साथ नाही, आणि तिला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तेव्हा मला कळलं. एकदम, सगळं. वर्गात न वळणारी मान, आईला दिलेलं उत्तर, माझ्याकडे बघून बोल म्हणणं. ती आमच्याबरोबर कधी गातच नव्हती. आम्ही तिला ऐकूच येत नव्हतो. माझा हात तिला लागायचा तो ध्रुवपदात आमच्याबरोबर राहायला; अंतरा तिचा तिला पाठ होता. तिच्या कानात ही शांतता नवी नव्हती. हॉलमधले आम्ही सगळे त्या शांततेत आत्ता कुठं येऊन पोचलो होतो.

मी बाईंकडे पाहिलं. एक मुलगी घाबरून सुरात सूर मिसळायला गेली, तिला बाईंनी हातानं थांबवलं. पेटीला त्यांनी हात लावला नाही. महानंदाला एकटीला गाऊ दिलं.

तिनं अंतरा पुरा केला. एक सूर जागचा हलला नाही. मग ती थांबली आणि आम्ही ध्रुवपद उचलायची वाट बघत राहिली. तिचा डावा खांदा थोडासा वर झाला. माझा हात तिथं नव्हता. कपाळावर एक आठी उमटली आणि तिनं डोळे उघडले.

तिनं आधी शेजारी पाहिलं, मग खाली मला. मग मुलींकडे, त्यांच्या मिटलेल्या तोंडांकडे. तिच्या चेहऱ्यावरचा रंग जाताना मी पाहिला.

"महानंदा," दारातून अप्पांनी हाक मारली.

ती पुन्हा माझ्याकडेच बघत होती.

"महानंदा," ते आणखी मोठ्यानं म्हणाले. हॉलमधली सगळी डोकी मागे वळली. तिचं तेवढं वर झालं नाही.

मला उठता येत नव्हतं. मी हात लांब करून तिचं पाऊल धरलं आणि त्यावर बोटांनी ताल धरला. काय करतेय याचा विचार केला नव्हता. तिनं एक श्वास घेतला. बाईंचा हात पेटीवर पडला, जुबेदानं पहिला सूर लावला आणि सगळ्या मुलींनी ध्रुवपद उचललं. महानंदाही त्यात होती. ती रडत होती, पण ताल चुकली नाही. गाणं शेवटापर्यंत गेलं.

आमचा नंबर आला नाही. मध्येच थांबलेल्या गाण्याला नंबर कसा देणार?

हॉलच्या मागे लिंबाच्या झाडाखाली बाईंनी मला एका पायरीवर बसवलं आणि तुटलेल्या पट्ट्याला सुतळी बांधायला घेतली. महानंदा नळापाशी तोंड धूत होती. अप्पा आले. 

"बाई, पोरीला ऐकू येत न्हाई," ते म्हणाले.

"नाही," बाई म्हणाल्या.

"तुम्हांला ठावं होतं?"

"दिवाळीपासून. तेव्हा डाव्या कानानं थोडं येत होतं. आता तेही येत नाही. तुमचे डॉक्टर बघतीलच, पण ती इंजेक्शनं सुरू झाल्यापासून हे चालू झालं, असं ती सांगते."

"अन् मला सांगितलं न्हाई तुम्ही."

"मी घरी यायला निघाले होते. तिनं हात जोडले. म्हणाली, अप्पा माझ्या गाण्यावर दिवस काढतात. त्यांना स्पर्धेत एकदा ऐकू द्या, मग सांगा." बाईंनी सुतळीला गाठ मारली. "आज सांगणारच होते."

अप्पा पायरीवर माझ्याशेजारी बसले. टोपी गुडघ्यावर ठेवली. "रोज बोलती की ती माझ्यासंगं. जेवताना सगळं इचारती, गाडी कुठं होती, पाशिंजर किती होते. व्हय-न्हाई समदं बरोबर करती."

"तुमच्या तोंडाकडे बघून."

ते टोपी गुडघ्यावर फिरवत राहिले. मग स्वतःशीच म्हणाले, "दिवा मालवला की बोलायची न्हाई. मला वाटायचं, झोपली."

महानंदा पदरानं तोंड पुसत आली आणि लांबच थांबली. अप्पा उठले, तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं.  शेवटी तोंड मोठं करून, सावकाश म्हणाले, "भूक लागली का गं?"

"लागली," ती म्हणाली.

त्यांनी पिशवीतून भाकरीचं फडकं काढलं आणि दोघं झाडाखाली जेवायला बसले.

परतीच्या गाडीत बाई माझ्या शेजारी बसल्या. मी विचारलं, "मला तिच्याजवळ उभं केलं ते मी पडू नये म्हणून ना?"

"नाही. आधार तिला हवा होता. तुझी बोटं तालात पक्की आहेत, म्हणून तुला उभं केलं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू मोजायला लागली असतीस," बाई म्हणाल्या. "हात जड झाला असता तुझा."

"आणि सूर? तो तिला कुठून मिळतो?"

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "तिच्या गळ्याला अजून आठवतोय. किती दिवस आठवेल, ते माहीत नाही."

अप्पा महानंदाला शाळेतून काढायला निघाले होते. बाई त्यांच्या घरी जाऊन बसल्या आणि त्यांना पटवूनच उठल्या. महानंदाला वर्गात पहिल्या बाकावर बसवलं, शिक्षकांना फळ्याकडे तोंड करून बोलू नका म्हणून सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींनी नाही. ती मॅट्रिक झाली. समूहगानाच्या वर्गातही बाईंनी तिला ठेवली. पेटीच्या अंगाला तळहात लावून ती गायची. पण दहावीच्या वर्षी पावसाळ्यानंतर तिचा सूर उतरायला लागला. आधी केसभर, मग कुणालाही कळेल एवढा. आम्ही कुणी काही बोललो नाही. बाईंनी तर सगळ्यांना सक्त ताकीद दिली होती. पण चेहऱ्यांना ताकीद कशी देणार? एक दिवस गाता गाता तिनं आमच्याकडे पाहिलं आणि मधल्याच शब्दाला थांबली. त्यानंतर ती गायली नाही. वर्गाला मात्र शेवटच्या दिवसापर्यंत आली. पेटीला हात लावून बसायची.

मी पुढं पोस्टात नोकरी केली, संसार केला, निवृत्त झाले. तो अंतरा मला अजून ऐकू येतो. कुठंही, कधीही. वीज जाते, पंखे थांबतात, रस्त्यावरची गाडी बंद होते, आणि अचानक सगळं गप्प झालं की त्यातून तिचा आवाज निघतो. पेटीशिवाय, तबल्याशिवाय. माझी नात एकदा म्हणाली, आजी, लाइट गेली की तू अशी का बसतेस? मी काही सांगितलं नाही.

महानंदाला अक्कलकोटला दिली होती. मध्ये कितीतरी वर्षं गाठ नव्हती. गेल्या हिवाळ्यात तिकडं एका लग्नाला गेले आणि पत्ता विचारत तिच्या घरी पोचले. पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन, दोरीवर ब्लाउज टांगलेले. केस पांढरे झाले होते, बांधा तसाच सरळ. तिनं मला ओळखलं ते माझ्या चालण्यावरून. बोलते ती आता एकाच सपाट, जड सुरात. गिऱ्हाइकांना त्याची सवय आहे. नव्या माणसाला कळायला वेळ लागतो.

चहा झाला. नवऱ्याचं, मुलांचं सांगून झालं. अप्पा जाऊन बरीच वर्षं झाल्याचं सांगितलं. पागे बाई गेल्याचं तिला कळलेलं होतं. मग तिनं कप बाजूला सारला.

"एक विचारू, वत्सा?"

"विचार की."

"माझा आवाज तुला आठवतो?"

"आठवतो."

"मला नाही आठवत." तिनं मशीनवरच्या कापडाची घडी उगाच सारखी केली. "गाणी आठवतात. शब्द, ताल, सगळं. पण आतल्या आत गाऊन बघायला गेले की दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज येतो. कधी आईचा, कधी पागे बाईंचा. माझा येत नाही. अप्पांना विचारायची. ते रडायचे, सांगायचे नाहीत." तिनं कापड बाजूला ठेवलं. "तू सांग. कसा होता?"

आयुष्यात मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी शब्द शोधत शोधत सांगायला लागले. म्हणाले, तुझा आवाज पातळ नव्हता. खाली असला की थोडा खरबरीत लागायचा, नव्या घोंगडीसारखा. वर जायला लागलीस की ती खरखर गळून जायची. वर जाताना तू कधी जोर लावला नाहीस. वरून कुणीतरी बोलावल्यासारखी जायचीस. ओळ संपायच्या जरा आधी आवाज हळू करायचीस, पण तो विझू द्यायची नाहीस.

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी आम्ही सगळे थांबलो होतो. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये तुझ्याशिवाय काहीच नव्हतं. एक सूर हलला नाही तुझा."

"चांगलं लागलं?"

"त्यानंतर मी कितीतरी गाणी ऐकली, महानंदा. तसं नाही ऐकलं."

तिचे डोळे माझ्या ओठांवर खिळले होते. बाहेर ऊन कलत आलं होतं, खोलीत अंधारायला लागलं होतं. ती उठली, मला हाताला धरून दारापाशी आणलं आणि माझं तोंड उजेडाकडे येईल असं खुर्चीवर बसवलं. स्वतःसाठी स्टूल ओढून ती समोर टेकली.

"आता पुन्हा सांग," ती म्हणाली. "सावकाश."